छोटे ट्रान्सफॉर्मिंग रोबोट गोळा करताना चांगला कोणता, टुकार कोणता हे ओळखायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे की तळहातावर मावतील असे गाडीचे किंवा विमानाचे रोबोट होणारे फिगर जमवायला घेतलेत, पण एकाच फिगरला एकजण डोक्यावर घेतो आणि दुसरा शिव्या घालतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा, आणि जुना सेकंडहॅन्ड घेताना नेमकं काय बघायचं. बरीच वर्षं हा नाद आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे छोट्याला मोठ्याच्या मापाने मोजायचं नाही, अर्धी भांडणं इथेच होतात. आठ-नऊ सेंटीमीटरच्या रोबोटमध्ये जागाच नसते हो. प्लॅस्टिक एका मर्यादेपेक्षा पातळ करता येत नाही, जॉइंटला ठराविक जाडी लागतेच, पिन बसवायची तर तिच्याभोवती माल लागतो, म्हणजे डिझायनरला काहीतरी सोडावंच लागतं. कोणी मनगट सोडतो, कोणी कंबर, कोणी गाडीचा सगळा भाग पाठीवर तसाच लटकत ठेवतो. मी फिगर हातात आला की आधी हेच बघतो की याने काय सोडलंय आणि सोडलंय ते डोळ्यात खुपतंय का. कंबर फिरत नाही हे मला चालतं. पण रोबोट उभा असताना गाडीचं छप्पर मागे दप्तरासारखं लोंबत असेल तर नाही चालत, तुम्हाला चालत असेल तर तुमचं गणित वेगळं आणि तेही बरोबरच.

१९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स आणले तेव्हा त्यातल्या छोट्या मिनीबॉट गाड्या मुळात जपानच्या टाकारा कंपनीच्या होत्या, बंबलबी हा त्याआधी मायक्रो चेंज नावाच्या मालिकेतला छोटा गाडी-रोबोट होता. पाय ओढायचे, हात बाजूला काढायचे, झाला रोबोट. गुडघा नाही, कोपर नाही. आजच्या नजरेने बघितलं तर हा ठोकळाच आहे पण गाडी म्हणून एकदम घट्ट, गुळगुळीत, फटी नाहीत, आणि लहान पोराच्या हातून शेकडो वेळा उलटसुलट झाला तरी टिकायचा. त्याने हालचाल सोडली आणि गाडी सांभाळली. त्याच काळात टोन्का कंपनीचे गोबॉट्स होते, ते जपानच्या बांदाईच्या मशीन रोबो मालिकेतून आलेले, त्यातल्या बऱ्याच फिगरमध्ये धातूचे भाग असायचे, हातात घेतलं की वजन जाणवतं. लोक गोबॉट्सना गरीब भाऊ म्हणून हसतात, मला ते अन्याय वाटतं, काही मोल्ड, म्हणजे साचे, खरंच छान आहेत.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे २००२ च्या ट्रान्सफॉर्मर्स आर्माडा मालिकेतले मिनी-कॉन नावाचे छोटे रोबोट. त्यांच्या अंगावर एक सॉकेट असायचं, मोठ्या रोबोटवर खोचलं की त्याची काहीतरी करामत सुरू व्हायची, आणि तीन विमानांचे मिनी-कॉन जोडून स्टार सेबर नावाची तलवार व्हायची. आता ज्या रोबोटला विमान, माणूस आणि तलवारीचा तुकडा असं तिन्ही व्हायचंय त्याचं माणूस म्हणून दिसणं बेताचंच असणार. त्याला फक्त रोबोट म्हणून मार्क दिलेत तर नापास, तिघे जोडून बघितलेत तर भारी. २०२१ पासून आलेल्या कोअर क्लासमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सच्या छोट्या मापाच्या फिगरमध्ये, गुडघे-कोपर बऱ्यापैकी मिळतात, पण पोकळ हात, मागून दिसणारे खड्डे, रंग अर्धवट, हे त्याच जागेत आणि बजेटमध्ये बसवण्याचं फळ. न्यूएज, मॅजिक स्क्वेअर असे थर्ड पार्टीवाले, म्हणजे परवानगी न घेता स्वतःचं डिझाइन काढणारे, ते एवढ्याशा आकारात सगळे जॉइंट देतात, दिसायला जबरदस्त, पण ट्रान्सफॉर्म करायचं तर नखं पाहिजेत आणि पेशन्स पाहिजे. माझ्या मते ते शेल्फवर ठेवायचे रोबोट आहेत, येता-जाता उचलून खेळायचे नाहीत.

बरं मग हातात घेऊन तपासायचं काय. मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते दोन्ही मोड, म्हणजे गाडी आणि रोबोट ही दोन्ही रूपं, नीट घट्ट बसतात का याला. गाडी केली की प्रत्येक पेग (छोटी खुंटी) त्याच्या भोकात बसून टक असा आवाज आला पाहिजे, निदान बोटाला तरी जाणवलं पाहिजे. मग गाडी टेबलावर ढकला. चारही चाकं टेकतात का, की पोटाखाली रोबोटचा हात घासतोय? छताच्या मधून दोन भाग होत असतील तर तिथली फट बघा, एक बाजू दाबली की दुसरी उघडते असं होत असेल तर तो फिगर तुम्हाला आयुष्यभर त्रास देणार. रोबोटमध्ये उलट, छाती कशाने तरी अडकवलेली आहे की नुसतीच घर्षणावर उभी आहे ते बघा, कारण नुसत्या घर्षणावर असेल तर हात वर केला की छाती उघडते. फोटोत हे काहीच कळत नाही, म्हणून फक्त फोटो बघून भारी म्हणणाऱ्या रिव्ह्यूवर मी भरवसा ठेवत नाही, जो माणूस हातात धरून दोन्हीकडे ट्रान्सफॉर्म करून दाखवतो त्याचं ऐकतो.

नवा असला तरी डावा-उजवा नीट बघा. दोन्ही हात एकाच बाजूचे बसवून आलेले फिगर येतात, मुठी उलट्या असतात, त्याला फॅक्टरीची चूक म्हणून परत करता येतं पण पॅकिंग फेकायच्या आधी बघितलं तर.

जुन्यात आधी पारदर्शक प्लॅस्टिक. खिडक्या आणि काचा बऱ्याचदा बिजागरी म्हणून पण काम करतात आणि धातूची पिन जिथे ठोकून बसवलेली असते तिथे भोकाभोवती केसाएवढी भेग जाते. टॉर्च तिरका धरला की ती भेग चमकते. रंगीत प्लॅस्टिकवर वाकलेल्या ठिकाणी पांढरी रेघ दिसली तर तिथे ताण येऊन गेलाय, आज ना उद्या तुटणार. स्क्रूभोवती गंज, स्टिकरची कड सुटलेली, क्रोम घासलेलं, हे सगळं किंमत कमी करायला चांगलं पण नाही म्हणायला पुरेसं नाही.

नाही कधी म्हणायचं तर सोनेरी भोवऱ्यांच्या प्लॅस्टिकला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदीपर्यंतच्या काही फिगरमध्ये चमकदार कण मिसळलेलं सोनेरी प्लॅस्टिक आहे, ते आतूनच कमजोर होतं आणि बॉक्समधून कधीही न काढलेला फिगरसुद्धा पहिल्या ट्रान्सफॉर्मला भुगा होऊ शकतो. यावर औषध नाही. घ्यायचाच असेल तर आहे त्या मोडमध्ये ठेवा आणि विकणाऱ्यालाही ट्रान्सफॉर्म करून दाखवा म्हणू नका.

पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडणं हा वेगळा प्रकार, उजेड आणि उष्णतेने होतं, आणि गंमत म्हणजे सीलबंद डब्यातही होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ऊन दाखवलं की पांढरं होतं, पण पुन्हा पिवळं पडू शकतं, शिवाय असमान लागलं तर डाग राहतात. विकणारा म्हणाला की मूळचा पांढरा आहे तर आतले भाग, जिथे उजेड जात नाही, ते बाहेरच्याशी जुळवून बघा. आतला आणि बाहेरचा रंग वेगळाच असेल तर काहीतरी केलंय.

अंगावर छापलेल्या सालाला भुलू नका. ते कॉपीराइटचं साल असतं, फिगर कधी बनला ते नाही, आणि नंतर रीइश्यू, म्हणजे कंपनीने पुन्हा काढलेले फिगर, आले तर त्यांच्यावरही जुनंच साल असू शकतं. नॉकऑफमध्ये, म्हणजे नकली कॉपीत, तर कंपनीचं नावच गायब असतं किंवा खरवडल्यासारखं दिसतं, प्लॅस्टिक हलकं आणि चकचकीत असतं, पेग एकतर बसतच नाहीत नाहीतर बसले की निघत नाहीत. नॉकऑफ घ्यायला माझा काही विरोध नाही, खेळायला घ्या, ओरिजिनलच्या भावात घेऊ नका एवढंच.

सैल जॉइंटमुळे मात्र फिगर नाकारू नका, ते दुरुस्त होतं. गोळीचा जॉइंट (बॉल जॉइंट) असेल तर काढा, गोळीवर पारदर्शक ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा, नाही झाला घट्ट तर अजून एक थर. काहीजण सुपरग्लू वापरतात, चालतं, पण ओला असताना बसवला तर जॉइंट कायमचा चिकटला म्हणून समजा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर प्लॅस्टिकच्या जवळपास पण आणू नका, त्यातल्या ॲसिटोनने एबीएस, म्हणजे या फिगरचं नेहमीचं प्लॅस्टिक, विरघळतं. आणि जॉइंट फार कडक असेल तर जोर लावण्यापेक्षा थेंबभर सिलिकॉन तेल, साधं मशीनचं तेल नको, पारदर्शक भागाला त्याने भेगा जाऊ शकतात.

सुरुवात करताय तर एकाच मालिकेतले, एकाच मापाचे पाच-सहा घ्या आणि प्रत्येक फिगर पुस्तिका न बघता दोन्हीकडे ट्रान्सफॉर्म करता येतो का बघा. जो करताना मध्येच वैताग येतो तो विकून टाका, शेल्फवर कितीही छान दिसला तरी त्याला तुम्ही परत हात लावणार नाही.