ब्राउझरमध्ये खासगीपणा जपताना रोजची कामे अडू नयेत, यासाठी काय करावे?

संरक्षणाची प्रत्येक सेटिंग कडक केली की संकेतस्थळे नीट चालेनाशी होतात, आणि त्याला कंटाळलेला माणूस अखेरीस सगळेच संरक्षण बंद करून टाकतो. म्हणून जे कायम चालू ठेवता येईल तेवढेच निवडावे, असे माझे मत आहे.

सफारी मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकीज (तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी जाहिरातदारांसारख्या इतरांनी तुमच्या ब्राउझरात ठेवलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या छोट्या नोंदी) पूर्णपणे अडवते, तर फायरफॉक्स जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते. त्यामुळे या ब्राउझरांत काहीही न बदलता बराचसा माग काढणे थांबते. त्याला यूब्लॉक ओरिजिनसारख्या एखाद्याच जाहिरातरोधकाची जोड द्यावी. एक्स्टेन्शनांची (ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रामांची) गर्दी करू नये, कारण त्यांच्या वेगळ्या जुळणीवरूनही तुमचा ब्राउझर ओळखता येऊ शकतो.

फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंगमध्ये ब्राउझरचा ‘ठसा’, म्हणजे त्याच्या वैशिष्ट्यांवरून पटणारी तुमची ओळख, लपवणारी एक कडक सोय आहे. ती चालू केल्यास ब्राउझर तुमच्या प्रदेशाऐवजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) सांगतो आणि ऑनलाइन कॅलेंडरातील बैठकांच्या वेळा चुकीच्या दिसू शकतात. हौशी लोकांनी ती जरूर वापरून पाहावी, मात्र कार्यालयीन कामाच्या ब्राउझरात नको.

त्यापेक्षा ब्राउझरात दोन स्वतंत्र प्रोफाइल (आपापल्या कुकीज व इतिहास असलेले वेगळे कप्पे) ठेवणे सोपे: एकात बँक, ईमेल आणि लॉगिन लागणारी कामे, दुसऱ्यात बाकीचे वाचन, जिथे ब्राउझर बंद करताच कुकीज पुसल्या जातील. प्रायव्हेट विंडोवर मात्र विसंबू नये. ती संगणकावरचा इतिहास ठेवत नाही, पण तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीचा क्रमांक) संकेतस्थळाला दिसतोच.