बॅलटवर शाळेचा पार्सल टॅक्स आलाय, हो म्हणायचं की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मागच्या वर्षी १८ लाख डॉलरला घर घेतलंत, प्रॉपर्टी टॅक्स २१ हजारांच्या पुढे आला, शेजारचे आजोबा तेवढ्याच घराचे जेमतेम चार हजार भरतात, आणि आता स्कूल डिस्ट्रिक्टने (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बॅलटवर सात वर्षांसाठी, देखरेख समितीसकट, वर्षाला २०० डॉलरचा पार्सल टॅक्स टाकलाय, म्हणजे जमिनीच्या प्रत्येक नोंदलेल्या तुकड्यामागे (पार्सलमागे) शाळांसाठी लागणारा कर. मग आधीचे २१ हजार जातात कुठे, लॉटरीचे पैसे शाळांना मिळतात ना, तरी हे परत परत का मागतात, आणि नवरा सिटिझन आहे तर त्याने हो म्हणावं का नाही (तुम्ही ग्रीन कार्डवर, म्हणजे तुम्हाला मत नाही). आम्ही इथे कॅलिफोर्नियात, साउथ बेमध्ये, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलो, मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली, नंतर काही वर्षं मी एका डिस्ट्रिक्टच्या बाँडच्या (शाळेच्या इमारतींसाठी काढलेल्या कर्जाच्या) देखरेख समितीवर होते, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या आजोबांचं बघू, कारण तुमचा अर्धा राग तिथेच आहे आणि तो बरोबरही आहे. १९७८ च्या जूनमध्ये इथे प्रपोझिशन १३ (लोकांनी थेट मतदान करून केलेला कायदा) पास झालं. त्याआधी घरांच्या किमती सुसाट वाढत होत्या, दर वर्षी टॅक्स त्या किमतीवर लागायचा, पेन्शनवरच्या लोकांना वाटायला लागलं की आपल्याच घरात राहणं परवडेना. हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या गोळा करून ते बॅलटवर आणलं. झालं असं की मूळ टॅक्स मूल्याच्या १ टक्का, आणि ते मूल्य बाजाराप्रमाणे नाही तर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार, घर विकलं जाईपर्यंत. आता आकडे मांडा. आजोबांनी समजा १९८५ ला दीड लाखाला घर घेतलं, दर वर्षी २ टक्के धरले तर चाळीस वर्षांनी कागदावर ते ३ लाख ३१ हजारांचं होतं, त्याचा १ टक्का ३,३१० डॉलर. तुमचा १८ हजार. वरचे जे आहेत ते जुने बाँड आणि बाकी किरकोळ. यात आजोबांची काही लबाडी नाही, कायदाच तसा आहे, आणि तुम्ही वीस वर्षं तिथेच राहिलात तर तुमच्या शेजारी येणारं नवीन जोडपं तुमच्याबद्दल हेच बोलणार.

आता मुख्य मुद्दा, जो भल्याभल्यांना माहीत नसतो. तुम्ही २१ हजार भरले म्हणून तुमच्या शाळेला जास्त मिळत नाही. तो १ टक्का काउंटी, सिटी, शाळा, आणि आणखी दहा ठिकाणी वाटला जातो. शाळांना किती मिळणार ते राज्य एका फॉर्म्युल्याने ठरवतं, २०१३ पासून लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला, त्यात मुलांची रोजची सरासरी हजेरी आणि गरीब किंवा इंग्रजी शिकणारी मुलं किती यावर रक्कम निघते. त्या रकमेतला जेवढा भाग लोकल प्रॉपर्टी टॅक्समधून भरला जातो तेवढे राज्य आपले पैसे कमी देतं. म्हणजे तुमच्या गल्लीतली सगळी घरं उद्या दुप्पट किमतीला विकली गेली तरी बहुतेक डिस्ट्रिक्टच्या हातात एक डॉलर जादा पडत नाही, राज्याचा वाटा तेवढा घटतो, बस. याला अपवाद म्हणजे ज्यांना बेसिक एड म्हणतात ती डिस्ट्रिक्ट, पालो आल्टोसारखी, जिथे लोकल टॅक्सच फॉर्म्युल्यापेक्षा जास्त येतो आणि वरचं त्यांना ठेवता येतं. घर बघताना लोक रेटिंग बघतात, स्विमिंग पूल बघतात, हे कोणी बघत नाही.

हे असं विचित्र का? कारण त्याआधीची पद्धत त्याहून वाईट होती. सेरानो केस म्हणून १९७१ चा इथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्यात तुलना होती: बाल्डविन पार्कमध्ये एका मुलामागे ५७७ डॉलर खर्च व्हायचे आणि बेव्हर्ली हिल्समध्ये १,२३२, आणि गंमत म्हणजे टॅक्सचा दर बाल्डविन पार्कमध्येच दुपटीहून जास्त होता! गरीब वस्तीने जास्त दराने टॅक्स भरायचा आणि शाळेला निम्मे मिळायचे. कोर्टाने ते बंद करायला लावलं, मग सात वर्षांनी प्रपोझिशन १३ आलं, आणि या दोन्हीत मिळून शाळेच्या पैशाची सूत्रं गावातून सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत, गेली. गावाच्या हातात राहिलं काय, तर पार्सल टॅक्स आणि बाँड. त्यामुळे "परत परत का मागतात" याचं उत्तर हे आहे की दुसरा दरवाजाच नाही. लॉटरीचं पण विचारलंय तुम्ही. लॉटरी शाळांसाठी म्हणून सुरू झाली खरी, पण शाळांच्या एकूण बजेटमध्ये तिचा वाटा एखादा टक्का. ऑफिसं, मॉल यांना प्रपोझिशन १३ मधून बाहेर काढून बाजारभावाने टॅक्स लावू असा प्रस्ताव २०२० ला आला होता, प्रपोझिशन १५, तो ५२-४८ ने पडला. मी तेव्हा हो म्हटलं होतं, अजूनही म्हणेन.

बाँड आणि पार्सल टॅक्स यात गल्लत करू नका, तुमच्या पोस्टमध्ये थोडी झालीये. बाँड म्हणजे कर्ज, त्यातून फक्त इमारती, छपरं, एसी, लॅब, असं होतं, शिक्षकांचा पगार त्यातून देता येत नाही. "शिक्षक काढले आणि मैदानावर नवीन टर्फ टाकलं" अशी जी तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती यातूनच येते, दोन्ही पैसे वेगवेगळ्या डब्यांतले, एकातून दुसऱ्यात टाकता येत नाहीत. बाँडला २००० सालच्या प्रपोझिशन ३९ नंतर ५५ टक्के मतं पुरतात, पण त्याच्याबरोबर अटी येतात: कामांची यादी आधी छापायची, दर वर्षी ऑडिट, आणि नागरिकांची देखरेख समिती. मी होते ती हीच. कमीत कमी सात माणसं लागतात, त्यात एक ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला, एक व्यापाऱ्यांचा, एक टॅक्सपेयर संघटनेचा, पालक वगैरे. अधिकार फार नाहीत हो, पैसे खर्च झाल्यावर बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा, पण प्रश्न विचारणारं कोणी बसलंय म्हटल्यावर फरक पडतो, आणि टॅक्सपेयर संघटनेचे म्हातारे गृहस्थ प्रत्येक बिलाची पानं उलटी करून बघायचे त्यांचा सगळ्यांना वैताग यायचा, मला ते फार आवडायचे.

आणि हे बघा, बाँडचा बोजा मूल्यावर लागतो. युनिफाइड डिस्ट्रिक्टला (जिथे प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंत सगळ्या शाळा एकाच डिस्ट्रिक्टखाली असतात) एका बाँडसाठी १ लाखामागे ६० डॉलरपर्यंत अंदाज धरता येतो. समजा पूर्ण ६० लागला तर तुम्हाला वर्षाला १,०८०, आजोबांना १९८ च्या आसपास. पार्सल टॅक्स मात्र सगळ्यांना सारखा, तुम्हाला २०० त्यांनाही २००. म्हणजे नवीन घर घेतलेल्यांनी रागवायचं तर बाँडवर रागवावं, पण प्रत्यक्षात आपले लोक "शाळेची इमारत आहे, होऊ दे" म्हणून बाँडला हो म्हणतात आणि २०० डॉलरला नाक मुरडतात.

पार्सल टॅक्स म्हणजे न्याय्य टॅक्स असं मी अजिबात म्हणत नाहीये. दोन बेडरूमचं जुनं घर आणि मोठ्या कंपनीचा कँपस, दोन्ही एकेक पार्सल असतील तर दोघांना २००, याला काय म्हणायचं! दोनशे भाडेकरूंचं अपार्टमेंट कॉम्प्लेक्स, तेही एक पार्सल. अलामेडा डिस्ट्रिक्टने दुकानं-ऑफिसांना वेगळा दर लावून बघितला, कोर्टाने २०१३ ला सांगितलं की कायदा एकसारखा दर म्हणतो, चालणार नाही. म्हणून आता काही ठिकाणी बांधकामाच्या चौरस फुटावर एकच दर लावतात, ते मला बरं वाटतं. तुमच्या मेझरमध्ये (बॅलटवरच्या प्रस्तावात) सरसकट पार्सलमागे आहे की फुटामागे ते बघा. आणि ६५ वर्षांच्या वरच्यांना बहुतेक ठिकाणी अर्ज करून माफी मिळते. म्हणजे आजोबा २०० पण भरणार नाहीत, मत मात्र देणार. ही माफी कनवाळूपणाने देतात हे खरं असेलही, पण दोन तृतीयांश मतं हवी असतील तर म्हाताऱ्यांना दुखवून चालत नाही हेही तितकंच खरं.

ते दोन तृतीयांशच या सगळ्याचं मर्म आहे. पार्सल टॅक्स डिस्ट्रिक्टने बॅलटवर ठेवला तर ६६.७ टक्के लागतात, ६५ मिळाले तरी पडला. म्हणजे एक "नाही" खोडायला दोन "हो" लागतात. प्रपोझिशन १३ स्वतः साधारण ६५ टक्क्यांनी पास झालं होतं, त्यानेच घातलेल्या अटीत ते स्वतः बसलं नसतं! म्हणून तुमच्या नवऱ्याचं मत जितकं किरकोळ वाटतंय तितकं नाही. विरोध करणारे टपालाने येणारा बॅलटचा लिफाफा आल्या दिवशी भरून पाठवतात, आपल्याकडचे लिफाफा फ्रिजवर ठेवतात आणि शेवटच्या आठवड्यात शोधतात.

नाही म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. त्यांचा एक मुद्दा पेन्शनचा असतो. शिक्षकांच्या पेन्शन फंडात डिस्ट्रिक्टने पगाराच्या ८.२५ टक्के भरायचे ते २०१४ च्या कायद्यानंतर वाढत वाढत १९.१ टक्क्यांवर गेले, म्हणजे नवीन आलेल्या पैशातला बराच वाटा वर्गापर्यंत पोचायच्या आधीच संपतो. दुसरा मुद्दा पटसंख्येचा, बे एरियात मुलं कमी होतायत, घरं परवडत नाहीत तर तरुण जोडपी राहणार कुठे, आणि पैसे हजेरीवर असल्याने प्रत्येक गेलेलं मूल आपल्याबरोबर पैसे घेऊन जातं पण इमारत, मुख्याध्यापक, शिपाई तेवढेच राहतात. त्यामुळे "आधी दोन शाळा एकत्र करा मग मागा" हे म्हणणं मला चीड आणत नाही, फक्त ते म्हणणारे आपल्या गल्लीतली शाळा सोडून दुसरी बंद करा म्हणतात एवढंच.

मग मी काय करते? काउंटीकडून जी मतदार पुस्तिका येते त्यात काउंटी काउन्सेलचं (काउंटीच्या सरकारी वकिलाचं) निष्पक्ष विश्लेषण असतं, ते आधी वाचते. रंगीत पत्रकं नाही. बघायचं ते असं की टॅक्स किती वर्षांनी आपोआप संपतो, दर वर्षी महागाईप्रमाणे वाढणार आहे का, आधीचाच चालू ठेवतायत की त्याच्या डोक्यावर नवीन (हे फार महत्त्वाचं, कारण जुना चालू ठेवायचा असेल तर तुमचं बिल वाढत नाही आणि "नाही" म्हटलं तर असलेले लायब्ररियन आणि काउन्सेलर जातात), आणि पैसे कशावर खर्च करणार हे नेमकं लिहिलंय की "उत्तम शिक्षण टिकवण्यासाठी" असं गोलगोल आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून सात वर्षांची मुदत आहे, देखरेख समिती आहे, तर मी हो म्हणेन. मुदतच नसती आणि वाढही जोडलेली असती तर मी दोनदा विचार केला असता. आणि डिस्ट्रिक्टला सरकारी पैशाने प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते, तेव्हा शाळेकडून आलेल्या पत्रात थेट "हो म्हणा" असेल तर तेही विचारायला हरकत नाही.

घराची किंमत टिकेल म्हणून हो म्हणा असं बरेच जण सांगतील. असेल, पण मला ते कारण आवडत नाही. त्यापेक्षा हे बघा की एज्युकेशन फाउंडेशन (शाळांसाठी देणग्या गोळा करणारी संस्था) दर वर्षी मुलामागे देणगी मागतं ती फक्त पालक भरतात, त्यातलेही काहीच. पार्सल टॅक्स निदान सगळ्या गावावर पसरतो. तिकडे महाराष्ट्रात घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची ओळ असते, राज्याचा १९६२ चा कायदा आहे, आपण कधी ती ओळ वाचली नाही आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही. इथे निदान विचारतात.

तुमच्यासाठी एक महत्त्वाचं. डीएमव्हीच्या (गाडीचं लायसन्स देणारं खातं, तिथेच मतदार नोंदणीही होते) गोंधळात चुकून तुमच्या नावाने बॅलट आलं तर ते भरू नका, सिटिझन नसताना मत दिलं तर पुढे सिटिझनशिपच अडकते, काउंटीला कळवून नाव काढून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सिटिझन नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत आहे, पण ते तेवढ्यापुरतं. बोर्डाच्या मीटिंगला जाऊन दोन-तीन मिनिटं बोलायला मात्र सिटिझन असावं लागत नाही, आणि तिथे इतकी कमी माणसं असतात की तुमचं बोलणं लक्षात राहतं.

आणि विषय निघालाय म्हणून, घर मागच्या वर्षी घेतलंय तर सप्लिमेंटल बिल (घर हातबदल झाल्यावर मूल्यात पडलेल्या फरकाचं वेगळं टॅक्स बिल) आलं का ते बघा. ते तुमच्या लेंडरकडे जात नाही, तुमच्या पत्त्यावर येतं, लोकांना वाटतं एस्क्रोमधून (टॅक्स भरायला लेंडर आपल्याकडून दरमहा घेऊन ठेवतो त्या खात्यातून) गेलं असेल आणि मग १० टक्के पेनल्टी लागते. नेहमीच्या बिलाच्या तारखा १० डिसेंबर आणि १० एप्रिल, पण सप्लिमेंटलची तारीख वेगळी असते, त्या बिलावरच छापलेली असते.