वाचक विचारतात : वागळ्यांच्या घरी पुन्हा जाताना

प्रश्न : दिवाळीला लेक-जावई आले होते. मी मोठ्या हौसेने त्यांना 'ये जो है जिंदगी' लावून दाखवलं. चित्र पुसट, माणसं फुगल्यासारखी दिसत होती. थोड्याच वेळात दोघांनी मोबाइल काढले. खरं सांगायचं तर मलाही पूर्वीसारखं हसू आलं नाही. त्या काळी दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही हसत होतो का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : नाही ताई, मुळीच नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण तेव्हा माझं पुण्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मालिकेच्या वेळेला संच बंद पडला की लोक धावत बोलवायला यायचे. मी गच्चीवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायचा, खालून कोणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं डावीकडे!" चित्र लागलं की घरचे मलाही बसवून घ्यायचे. शेजारपाजारची माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसून हसताना मी पाहिली आहेत. तुमचं हसू खोटं नव्हतं.

आधी टीव्हीची दुरुस्ती करू. त्या मालिका चार-बाय-तीन आकाराच्या पडद्यासाठी काढलेल्या. तुमचा आजचा टीव्ही सोळा-बाय-नऊ, आणि तो आपोआप चित्र आडवं ताणतो. म्हणून माणसं फुगलेली दिसतात. रिमोटवरून सेटिंगमध्ये जा, 'पिक्चर साइज' शोधा आणि तिथे 4:3 किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्यात. दुसरं, आपल्याकडचं प्रक्षेपण 625 रेषांचं होतं आणि त्यातल्या 576 रेषांत चित्र असायचं. फोर-के टीव्हीला उभ्यात 2160 रेषा भरायच्या असतात, मग तो नसलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतो. 'शार्पनेस' बराच खाली आणा, 'मोशन'च्या नावाने जे काही चालू असेल ते बंद करा आणि खुर्ची दोन हात मागे घ्या. एवढ्याने निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं काम निवडीचं. 'ये जो है जिंदगी' 1984ची. लेखन शरद जोशींचं, दिग्दर्शकांत कुंदन शाह, आणि प्रायोजक आपल्या पेंढरकरांचं 'विको'. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी यांचं घर ओळखीचं. सतीश शाह मात्र दर भागात नव्या माणसाच्या रूपात यायचे. या वेळी ते कोण होऊन येणार, याची आठवडाभर वाट पाहणं हा त्या गमतीचा मोठा भाग होता. मधलाच एखादा भाग काढून दाखवला तर जावयांना त्यातलं काय कळणार? ही मालिका पाच-सहा भाग ओळीने पाहिल्यावर अंगात मुरते.

पाहुण्यांसाठी 'वागले की दुनिया' लावा. 1988ची, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली आणि दिग्दर्शन पुन्हा कुंदन शाह यांचं. मुंबईतला कारकून श्रीनिवास वागळे, बायको राधिका, दोन मुलं आणि महिन्याचा ठरलेला पगार. अंजन श्रीवास्तव स्वतः बँकेत नोकरी करणारे होते. साहेबांसमोर उभं राहताना त्यांच्या खांद्यांचं जे होतं ते पाहा. हा माणूस ऑफिस जगलेला आहे, हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. भारती आचरेकरांची राधिका नवऱ्याचं सगळं ऐकून घेते आणि मग एक साधं वाक्य बोलते. त्या वाक्याआधीची तिची नजर चुकवू नका. नवरा मोठमोठे बेत सांगत असताना घरात किती पैसे उरलेत हे फक्त तिला माहीत असतं, आणि ते तिच्या डोळ्यांत दिसतं.

माझं स्वतःचं प्रेम मात्र 1986च्या 'नुक्कड'वर, त्याला कारण आहे. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांनी त्यात एका इलेक्ट्रिशियनला मधोमध उभं केलं : दिलीप धवन यांचा गुरू. सायकलवाला हरी, दारूच्या नशेतला खोपडी, गणपत हवालदार हे सगळे त्याच्या भोवतीचे. पक्कड आणि टेस्टर घेऊन पोट भरणारा माणूस कथेचा नायक होऊ शकतो, हे माझ्या धंद्यातल्या आम्हा लोकांना त्या पडद्याने पहिल्यांदा दाखवलं. समीर खक्करांचा खोपडी झोकांड्या खात यायचा आणि लोक हसायचे, पण त्याच्या दारिद्र्याला हसलेलं मी कधी ऐकलं नाही. लिहिणाऱ्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती. कमी पैशात राहणाऱ्याची अडचण हा विनोद, तो माणूस हा विनोद नव्हे. ही शिस्त पुढच्या बऱ्याच मालिकांत सुटली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेक-जावयांना एका वेळी एकच भाग दाखवा. आठवड्याच्या अंतराने पाहण्यासाठी लिहिलेली गोष्ट एका बैठकीत दहा भाग पाहिली की तिचे जोड दिसायला लागतात.

प्रश्न : जुन्या हिंदी विनोदी मालिकांत इतके मराठी चेहरे कसे? हा योगायोग की आणखी काही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : याचं मूळ मुंबईच्या रंगभूमीत आहे. मालिका मुंबईत बनायच्या आणि वेळेवर येणारे, पाठांतर पक्कं असणारे, एका दमात प्रसंग करणारे नट लागायचे. ते मराठी-गुजराती नाटकांतून मिळाले. शफी इनामदार मूळचे दापोलीकडचे. 'नुक्कड'चे गणपत हवालदार अजय वढावकर. 'तू तू मैं मैं'मध्ये सासू रीमा, सून सुप्रिया आणि दिग्दर्शक सचिन, म्हणजे अख्खं भांडण आपल्या माणसांनी रंगवलेलं. 1995च्या 'हम पांच'मध्ये पाच मुलींचे वडील अशोक सराफ, आणि भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर. फक्त चेहरा आणि आवाज एवढ्यावर त्यांनी ती भूमिका उभी केली.

'श्रीमान श्रीमती'बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दुसऱ्याच्या बायकोवर लाळ घोटणारे दोन शेजारी, ही कल्पना आज मला जड जाते. तरीही जतिन कनाकिया आणि रीमा यांचा केशव-कोकिला कुलकर्णींचा संसार पाहाच. त्या दोघांत एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचा चेहरा बदलतो. हे नाटकात घासल्याशिवाय येत नाही. 2020च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका आणि 'देख भाई देख' पुन्हा दाखवल्या, तेव्हा आमच्या सोसायटीतली शाळकरी मुलं दोन्ही आवडीने पाहत होती.

प्रश्न : वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना 'चिमणराव' पुन्हा पाहायचंय. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मुंबई दूरदर्शनवरची ती मालिका कृष्णधवल काळातली : दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. त्या दिवसांत व्हिडिओ टेप फार महाग, त्यामुळे एकाच टेपवर पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग व्हायचं आणि असं पुष्कळ काम कायमचं पुसलं गेलं. म्हणून सगळे भाग ओळीने मिळतील अशी आशा वडिलांना लावू नका. यूट्यूबवर दूरदर्शनचं जुनं भांडार आहे, प्रसार भारतीचं 'वेव्ज' अ‍ॅपही आहे. जे तुकडे सापडतील ते आधी स्वतः पाहून, आवाज धड असेल तरच त्यांना दाखवा. या वयात आवाज स्पष्ट नसला की माणूस दमतो.

तोवर चिं. वि. जोशींचं पुस्तक आणा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मूळ गुंड्याभाऊ तिथेच आहे. आणि प्रभावळकरांनाच पाहायचं असेल तर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावा. त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका 2001 पासून अल्फा मराठीवर होती, आता झी फाइव्हवर मिळते. त्यातले आबा तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत. संध्याकाळी जेवणाआधी लावा, उशिरा नको, आणि पाहताना तुम्हीही शेजारी बसा.