फोनवरच्या जाहिराती बघून कुणी मत बदलतं का? मग पक्ष त्यावर एवढा पैसा का ओततात?

ऑनलाइन जाहिराती लावायचं काम मी काही वर्षं केलंय. साबणाच्या, विम्याच्या आणि एका निवडणुकीत एका उमेदवाराच्याही. त्या अनुभवावरून सांगतो, ज्याचं मत पक्कं आहे त्याचं मन जाहिरातीने सहसा फिरत नाही, आणि प्रचार चालवणाऱ्यांना हे तुमच्या-माझ्याआधी ठाऊक असतं. त्यांना हवी असते माहिती. तुम्ही कोण, स्क्रोल करताना कशावर थांबता, आणि मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडणार की नाही.

बराक ओबामांच्या २००८ च्या निवडणुकीचं उदाहरण घ्या. वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय ठेवायचं, यावर त्यांच्या टीमने वाद घालत न बसता चाचणी लावली. चार वेगवेगळी बटणं, सहा फोटो किंवा व्हिडिओ, म्हणजे २४ जोड्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यातली कुठलीतरी एक दिसायची. टीमला स्वतःला एक व्हिडिओ फार आवडला होता. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ मागे पडले आणि कुटुंबाचा साधा फोटो जिंकला, सोबत ‘अधिक जाणून घ्या’ असं बटण. ईमेल देणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याच ईमेलवर पुढे देणग्या मागितल्या जातात, स्वयंसेवक गोळा होतात. तेव्हा ‘या प्रश्नावर तुमचं मत काय?’ असं विचारणारी जाहिरात दिसली तर समजा, मत नकोय, नंबर हवाय.

पुढचं काम पडद्याआड चालतं. जमवलेले नंबर आणि ईमेल फेसबुकसारख्या कंपनीच्या जाहिरात यंत्रणेत चढवायचे. ती त्या माणसांची खाती जुळवते, वर ‘यांच्यासारखे आणखी’ लोकही शोधून देते. (साबण विकतानाही आम्ही हेच करायचो, एका क्लिकचाही फरक नाही.) मग एकाच उमेदवाराची तरुणांना नोकरीची जाहिरात, वयस्कांना पेन्शनची. मैदानातल्या सभेत दोन्ही गटांसमोर एकच भाषण करावं लागायचं, त्यामुळे परस्परविरोधी आश्वासनं तिथल्या तिथे पकडली जायची. इथे शेजाऱ्याला काय दिसतंय ते तुम्हाला कळत नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

केम्ब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं नाव निघणारच. एका प्रश्नावलीच्या ॲपमधून फेसबुकच्या ८.७ कोटीपर्यंत लोकांची माहिती तिच्या हाती गेली असावी, असं २०१८ मध्ये खुद्द फेसबुकनेच सांगितलं. चोरी गंभीरच होती. पण स्वभाव ओळखून मन वळवण्याच्या तिच्या दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. जाहिरातवाले स्वतःचीही जाहिरात करतातच.

गाजणं हेही एक हत्यार आहे, आणि ते इंटरनेटपेक्षा जुनं. १९६४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने फुलाच्या पाकळ्या मोजणारी मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट अशी टीव्ही जाहिरात केली. पैसे मोजून ती एकदाच दाखवली गेली. गदारोळ इतका झाला की बातम्यांनी ती फुकटात पुन्हापुन्हा दाखवली. आज रागावून ‘बघा किती खालच्या थराला गेलेत’ म्हणत आपण शेअर करतो, तेव्हा हेच काम आपल्याकडून होतं.

व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड तर कुठल्याच जाहिरात खर्चात धड दिसत नाहीत. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं. तरी ग्रुप सांभाळणारी माणसं पुरेशी असली की ही मर्यादा फार आड येत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिच्या ‘ॲड लायब्ररी’ या वेबसाइटवर पक्षाचं नाव टाका. चालू जाहिराती एकाखाली एक दिसतात, आणि राजकीय म्हणून नोंदलेल्यांचा अंदाजे खर्चही. शिवाय फेसबुकवर जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टॅप करून ‘ही जाहिरात मला का दिसते’ हेही बघा. मी एकदा पाहिलं, तर जाहिरातदाराने दिलेल्या यादीत माझं नाव होतं. त्या पक्षाला मी नंबर कधी दिला, हे मला अजून आठवलेलं नाही.