अलैंगिक की एसेक्शुअल? कथेत कुठला शब्द चालंल

प्रश्न थोडक्यात असा आहे की कोल्हापुरातल्या दोन मुलींची प्रेमकथा लिहिताय, त्यातल्या एकीला हळूहळू उमगतं की आपण एसेक्शुअल, म्हणजे कुणाबद्दल लैंगिक ओढच न वाटणाऱ्या, आहोत, आणि खर्डा वाचणाऱ्यांना 'अलैंगिक' शब्दावर हसू आलं, तर मराठीत म्हणायचं काय.

हसणारच की हो. तो शब्द आपल्या डोक्यात शाळेच्या विज्ञानातून बसलाय, अलैंगिक प्रजनन, अमीबा, हायड्रा, पानफुटीचं पान, त्यामुळे नायिका "मी अलैंगिक आहे" म्हणाली की वाटतं हिला आता कोंब फुटणार. दुसरी गोची त्याहून मोठी. समलैंगिक, उभयलैंगिक, भिन्नलैंगिक यात सुरुवातीचा तुकडा ओढ कुणाकडे ते सांगतो, पण नुसता 'अ' लावला की नकार ओढीला लागायचं सोडून थेट लिंगालाच चिकटतो, आणि लिंग म्हणजे मराठीत अवयवही आला, स्त्री-पुरुष भेदही आला, व्याकरणही आलं. मग ऐकणारा सरळ 'नपुंसक' वर जाऊन पडतो आणि तो शब्द आपल्याकडे शिवी म्हणूनच फिरतो. ब्रह्मचारी पण नको, ते ठरवून पाळायचं व्रत आहे, इथं ठरवलेलं काहीच नाही, दुसऱ्या माणसाबद्दल लैंगिक ओढ वाटत नाही किंवा फार क्वचित वाटते, एवढंच. निष्काम, विरक्त हे कीर्तनातच शोभतात.

माझं मत विचाराल तर लेखात, बातमीत अलैंगिक चालवून घ्या, वापरून वापरून रुळेल. कथेत सरळ एसेक्शुअल लिहा. हा शब्द माणसांची ओळख म्हणून वाढला तोच मुळात इंटरनेटवर, डेव्हिड जेनं 2001 मध्ये एसेक्शुअल लोकांसाठी एव्हेन (AVEN) ही साइट काढली तिथून तो पसरला, आणि राजारामपुरीतली पोरगी रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन शोधणार ते पण इंग्रजीतच, तिला मराठी शब्द आयता कोण देणार?

पण खरी अडचण या शब्दाची नाहीच, तो सापडायच्या आधीच्या पानांची आहे. स्वतःचा शोध घेणारी कथा म्हणजे ती पानंच. ॲलिस ओसमनच्या 2020 च्या 'लव्हलेस' कादंबरीतली जॉर्जिया प्रेमकथांची वेडी, आणि युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिला कळतं की आपल्याला शरीराचीही ओढ नाही आणि प्रेमात पडायचीही नाही, म्हणजे एसेक्शुअल आणि अरोमँटिक दोन्ही. तुमच्या नायिकेचं तसं नाही, तिचा जीव जडलाय. आणि इथं मराठी मस्त साथ देते, जीव जडणं, जीव लागणं, करमत नाही, हुरहुर, यात कुठंच अंगाचा संबंध यावा लागत नाही. तुमच्या त्या रंकाळ्याच्या प्रसंगात नायिका परिच्छेदभर व्याख्या सांगते ती काढून टाका, असं काहीतरी बघा:

"मग मी आवडत न्हाई व्हय तुला?"
"आवडतीस की. तूच आवडतीस. पर ते दुसरं मला सुचतच न्हाई, कुणाबद्दलच."

बास. आणि घरचे "लगीन झालं की सगळं हुतंय" म्हणतील तेही येऊ दे, फक्त शेवटी योग्य माणूस भेटलं आणि हिचं सगळं जुळून आलं असं करू नका, ते जुन्या रोमान्समधलं रडगाणं आहे. मनाचं नातं मुरल्यावरच ज्यांना ओढ वाटते त्यांना डेमीसेक्शुअल म्हणतात, ती वेगळी गोष्ट, हवी तर वेगळी नायिका घ्या.

जाता जाता, कोल्हापुरातल्या मुली "मी जातो, मी आलो" म्हणतात ते तसंच ठेवा, पण पहिल्या पानावरच नावं येऊ द्यात, नाहीतर पुण्यातला वाचक एकीला मुलगा समजून पुढं जाईल आणि अख्खी कथाच बदलेल.

राहिला एसेक्शुअलचा छोटा शब्द, 'एस' (ace). देवनागरीत तो नुसता एबीसीडीतला एस दिसतो. इंग्रजीत ace म्हणजे पत्त्यातला एक्का, तर त्यापेक्षा तोच घ्या, एसेक्शुअल लोकांत ही खूण चालतेच, बदामचा एक्का म्हणजे एसेक्शुअल पण प्रेमात पडणारे, इस्पिकचा म्हणजे प्रेमातही न पडणारे. बदाम सातच्या डावात तिच्या हातात बदामचा एक्का अडकून बसलाय, दुर्री कुणीतरी दाबून धरलीय, हा प्रसंग मराठी घरात फुकट मिळतो. त्यांची दुसरी खूण काळी अंगठी, ती मात्र जपून वापरा. ती उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालतात, आणि आपल्याकडं त्याच बोटात घोड्याच्या नालेची अंगठी असते, म्हणजे महाद्वार रोडवर भेटेल तो विचारणार, साडेसाती चालू हाय काय गं?