टी ट्री ऑइल थेट चेहऱ्यावर लावलं तर चालेल का? माझी त्वचा खूप संवेदनशील आहे.

नाही, थेट अजिबात लावू नका. हा तीव्र अर्क आहे. मुरमावर नुसता टेकवला तरी नाजूक त्वचा लाल होऊन आग होऊ शकते. चेहऱ्याला एक टक्का किंवा त्याहून कमी पुरे, म्हणजे 30 मिली जोजोबा किंवा बदाम तेलात फार तर 6 थेंब. पाण्यात घालू नका, ते वर तरंगतं आणि त्वचेला तसंच कडक लागतं.

आधी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा आणि 48 तास थांबा. ॲलर्जी बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते, त्यामुळे तासाभरात काही झालं नाही म्हणून लगेच चेहऱ्याला लावायला जाऊ नका. खाज सुटली की सौम्य साबणाने धुवा आणि तो नाद सोडा.

बाटली किती जुनी आहे तेही बघा. हवा आणि उजेड लागून हे तेल बिघडतं, आणि बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी जास्त होते. उघडून वर्ष उलटलं असेल तर, महाग असलं तरी, टाकून द्या.

एक्झिमा असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.