वाचकांचे प्रश्न : बाहेरचा क्लच गेला, आता पुढे काय?

प्रश्न : माझी अबार्थ पुंटो रिमॅप केलेली (ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचे प्रोग्रामिंग बदललेली) आहे. ट्यूनरने २६० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची फिरवण्याची ताकद) सांगितला आहे. कंपनीचा क्लच स्लिप मारू (घसरू) लागला म्हणून बाहेरचा (गाडीच्या कंपनीचा नसलेला), सिरॅमिक पॅडचा किट टाकला; फ्लायव्हील (क्लच ज्यावर टेकतो ते इंजिनचे जड चाक) जुनेच ठेवले. वर्षाच्या आतच आंबा घाटात चौथ्या गिअरला आरपीएम चढतो, वेग वाढत नाही. जळका वास येतो आणि पहिल्या गिअरवर उचलताना गाडी थरथरते. तोच किट परत घ्यावा की त्याहून तगडा? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आत्ता कोणताच घेऊ नका. आधी गिअरबॉक्स उतरवा, निघालेले भाग नीट पाहा आणि मगच ऑर्डर द्या. कारण सापडल्याशिवाय टाकलेला तगडा किटही त्याच वाटेने जातो.

आधी हिशेब. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरते : घासणाऱ्या बाजू (प्लेटच्या दोन), घर्षणांक, प्रेशर प्लेटचा (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब आणि क्लच प्लेटची सरासरी त्रिज्या. बाहेरचा व्यास २१५ आणि आतला १४५ मिलिमीटर असलेल्या साध्या ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनच्या अस्तराच्या) प्लेटची सरासरी त्रिज्या ०.०९ मीटर येते. घर्षणांक ०.३ आणि दाब ४५०० न्यूटन धरला तर २ × ०.३ × ४५०० × ०.०९, म्हणजे २४३ न्यूटन मीटर. इंजिनच्या मूळच्या २१२ न्यूटन मीटरला हे पुरते, तुमच्या २६० ला नाही. तीच प्लेट ५८०० न्यूटनच्या प्रेशर प्लेटखाली ३१३ न्यूटन मीटर पेलते, म्हणजे २० टक्के राखीव हाती राहते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या प्लेटचे व्यास मोजा आणि दाबाचा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो देता येत नसेल तर खोक्यावर ‘स्टेज’ कितीही छापलेले असो, तो किट नको. आमचे मत स्पष्ट आहे : रोज रस्त्यावर आणि घाटात चालणाऱ्या गाडीला जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट हीच जोडी बरी. सिरॅमिक पॅड एकदम पकडतात, हाफ क्लचला थरथरतात, फ्लायव्हील खातात आणि प्रत्येक धक्का गिअरबॉक्सला देतात.

आता काय पाहायचे ते. प्लेटवर तेल असेल तर ते कुठून आले ते शोधा : फ्लायव्हीलच्या बोल्टांकडून आले असेल तर क्रँकचे मागचे ऑइल सील, हबकडून (प्लेटच्या मधल्या भागाकडून) आले असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील. प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोके सगळीकडून सारखी घासून चकाकत असतील तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर या पाकळ्या ढकलणारे) सतत टेकून असावे. पेडल सोडलेले असतानाही ते पाकळ्या थोड्या दाबून ठेवते, दाब कमी पडतो आणि क्लच स्लिप मारतो. किटमधले बेअरिंग मूळच्यापेक्षा उंच असेल तर नेमके हेच होते. दोन्ही शेजारी ठेवून मोजा. हबच्या स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा रिव्हेट उपटले असतील तर कारण धक्क्याचे आहे, स्लिपचे नव्हे.

तुमच्या बाबतीत पहिला संशय फ्लायव्हीलवर. जुन्या प्लेटने त्यावर खोबण आणि निळे डाग पाडलेले असतात. निळा डाग म्हणजे तापून कडक झालेला लोखंडाचा भाग. नवी प्लेट तिथे पूर्ण टेकत नाही, उंच जागांवरच घासते, तापते आणि थरथरते. फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणे) साध्या लेथवर नको, सरफेस ग्राइंडरवर करा. कडक डागावर लेथचे टूल उसळते आणि उंचवटा तसाच राहतो. फ्लायव्हीलला पायरी असेल, म्हणजे प्रेशर प्लेट बसण्याची कडा वेगळ्या उंचीवर असेल, तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवायच्या. फक्त मधला भाग घासला तर दाब आपोआप कमी होतो. नखाला लागणाऱ्या भेगा दिसल्या तर फ्लायव्हील बदलाच. त्याचे बोल्ट नवे आणि क्रँकचे सीलही याच खेपेला नवे, कारण त्या सीलसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे परवडत नाही.

बसवताना घाई नडते. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. ब्रेक क्लीनरने तो आणि फ्लायव्हील दोन्ही पुसा, आणि नंतर बोट लावू नका. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबट खाचांवर) मुगाच्या दाण्याएवढे उच्च तापमानाचे ग्रीस लावा, प्लेट दोनतीनदा पुढेमागे सरकवून बाहेर आलेले पुसून टाका. जास्तीचे ग्रीस फिरताना थेट घर्षणाच्या भागावर उडते. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती पाळा. अलाइनमेंट टूल (प्लेट मध्यभागी धरणारे) घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, प्रत्येक वेळी अर्धा आटा, असे आवळा. एम ८ बोल्टला सहसा २० ते २५ न्यूटन मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडाच शेवटचा.

गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन शेवटपर्यंत जॅकवरच हवे. तो हबवर लोंबकळला की प्लेट वाकते आणि नवा क्लच पहिल्या दिवशीच थरथरतो. हाऊसिंग हाताने इंजिनला टेकले पाहिजे. बोल्टने ओढून जवळ आणू नका. नंतर पहिले ८०० किलोमीटर गावातच, थांबतचालत चालवा. पूर्ण बूस्ट (टर्बोचा दाब) नाही, घाट नाही.

प्रश्न : नवा क्लच टाकल्यावर रिव्हर्स टाकताना खरखर होते, पेडलही तळाजवळ पकडते. गॅरेजवाले म्हणतात, बसेल हळूहळू. (वाचक, सावंतवाडी)

उत्तर : हे आपोआप बसणारे दुखणे नाही. इंजिन चालू ठेवून पेडल पाचसहा वेळा पटापट मारा आणि मग रिव्हर्स टाका. खरखर गेली तर क्लचच्या तेलाच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलजवळचा मास्टर सिलिंडर दाब धरत नाही, ब्लीड करा (हवा काढून टाका). तरीही तशीच राहिली तर प्लेट उलटी बसली आहे, वाकली आहे किंवा हब स्प्लाइनवर अडकतो आहे, आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. ब्लीड करताना मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तेच तेल वापरा, बहुधा ते डॉट ४ (ब्रेकचे तेल) असते, आणि बाटली नवी, सीलबंद हवी. हे तेल हवेतला ओलावा शोषते आणि आपल्या किनाऱ्यावर उघडलेली बाटली लवकर वाया जाते. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणून पातळी खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकमध्येही हवा जाईल. बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने बेअरिंग ढकलणारा) एकत्रच गिअरबॉक्सच्या आत असतील, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स बोल्टने पूर्ण बसेपर्यंत पेडल दाबायचे नाही. पिस्टन बाहेर पडून सील फाटते.

प्रश्न : जून ते सप्टेंबर गाडी बंद होती. आता पेडल पूर्ण दाबले तरी गिअर पडत नाही. क्लच बदलावा लागेल का? (वाचक, गुहागर)

उत्तर : बहुधा नाही. खारट दमट हवेत फ्लायव्हीलला गंज धरतो आणि प्लेट त्याला चिकटते. इंजिन गरम करून बंद करा. मोकळ्या, निर्मनुष्य मैदानात गाडी दुसऱ्या गिअरला टाका, क्लच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. गाडी चालू होताच पुढे झेपावेल, म्हणून समोर कुणीही नको. तशीच चालवत, क्लच दाबलेलाच ठेवून, ॲक्सिलरेटर देत-सोडत आणि अधूनमधून ब्रेक लावत जा. तीनचार खेपांत प्लेट सुटली नाही तर सोडून द्या, ती फाटू शकते. पुढच्या पावसाळ्यात पंधरवड्याला गाडी थोडी फिरवा, आणि चिखलपाण्यातून आणून लगेच बंद करू नका. पेडलला लाकूड लावून ते दाबून ठेवण्याची युक्ती हायड्रॉलिक क्लचला नको. सीलवर महिनोन्महिने दाब राहतो.